आडाचा वाटा

त्या घरात लग्न होऊन आलेल्या सुनेला दोन गोष्टी दाखवायची रीत होती. पहिल्या दिवशी देव्हारा आणि पहिल्या चैतात आडाचा तळ. देव्हारा काय, कुणीही दाखवतं. तळ दाखवायचा तर दोराला पाट बांधून, त्यावर सुनेला बसवून खाली सोडावं लागे. सासू काठावरून ओरडे, "घाबरू नगंस, तितं कोन खात न्हाई," आणि सून घाबरतच खाली जाई.

बयाबाई अशीच एका चैतात खाली गेली होती आणि मग दर चैतात जातच राहिली. आडाचा गाळ काढायचं काम सुनेचं. माधवी घरात आल्यावर पाट तिच्याकडे गेला. पण यंदा माधवी वराळ्याला माहेरी होती, बाळंतपणाला. त्यामुळे पाट पुन्हा बयाबाईच्या वाट्याला आला. गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते, आणि बूडही पाटापेक्षा रुंद झालं होतं.

"दोर धरंल न्हवं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"दोराला काय धाड भरलीय," हौशीराम म्हणाला. "कप्पीचं मातुर सांगता येत न्हाई."

"मेलं तोंड बघा ह्यांचं. जाताना तरी बरं बोला."

हौशीरामनं कप्पीला दोनदा तेल घातलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती पदर खोचून पाटावर बसली. मुलगा कैलास आणि तो, दोघांनी मिळून तिला अंधारात सोडलं.

तळाशी गार होतं. वरून काठच्या जांभळीचं एक पान गिरक्या घेत तिच्या मागोमाग आलं. आडाचा तळ म्हणजे एकच अखंड काळा दगड, मधोमध जरा खोलगट, परातीसारखा. जांभळीच्या अंगाला कपारीतून झरा यायचा आणि परातीत साठायचा. दर चैतात इथं कमरेएवढं पाणी असे. आधी ते उपसायचं, मगच गाळाला हात. यंदा उपसायला काही नव्हतंच. तिचे घोटेसुद्धा धड भिजले नाहीत.

तिनं करवंटी घेतली आणि खरवडायला लागली. खोरं नाही, घमेलं नाही, पहार तर नाहीच. तळाला लोखंड लावायचं नाही, असं सासूनं बजावलेलं. का नाही, ते सांगितलं नव्हतं, आणि सासूला कारण विचारायची त्या घरात रीत नव्हती. करवंटीनं सोडवायचा, हातानं ओढायचा, वेताच्या पाटीत भरायचा. पाट्या वर गेल्या. दगड स्वच्छ निघाला, काळाभोर, ओला. मग ती झऱ्यासमोर उकिडवी बसली. एके काळी हा झरा बोटाएवढा होता. आता कपारीतून दोरा यावा तसा येत होता, मध्येच तुटत होता, पुन्हा येत होता.

"काय गं, झोपलीस का काय तितं?" वरून हौशीराम.

"वडा," ती म्हणाली. एवढंच.

कान्ह्याच्या पुढं, आंदर मावळाच्या तोंडाशी ही वाडी. पावसाचे चार महिने पाणी इथं अंगावर धावून येतं. भिंतीतून येतं, चुलीत येतं, नको नको म्हटलं तरी येतं. आणि होळी झाली की घसा ओला करायला मिळत नाही. सरकारनं घरोघरी नळ दिले होते, चांगले पितळी. सोडला की आधी हवा येई, मग खाकरल्यासारखा आवाज येई, मग पुन्हा हवा. आळीतल्या बायका त्याच्यावर ओली धुणी वाळत घालत. पाणी असे ते बयाबाईच्या परसातल्या आडात. सगळी आळी तिथं यायची. आडात घरचाच पितळी पोहरा पडे, दुसऱ्या कुणाचं भांडं आत जात नसे. पण पाणी सगळ्यांचं. कुणी विचारून नेत नसे, आणि कुणी विचारलं असतं तर बयाबाईला राग आला असता.

सगळ्यांत आधी यायची ताजुन्निसा. पलीकडच्याच घरातली, वयानं थोर. तिच्या मुलाचं, नसीरचं, कान्हे स्टेशनाबाहेर किराणाचं दुकान होतं. दुकानात बाटलीतलं पाणी खोक्यांनी पडलेलं असे. पण ताजूआक्का रोजा सोडायची तो ह्याच आडाच्या घोटानं. ह्या पाण्याला मागाहून किंचित तुरट चव येई, जांभळीच्या मुळांची. "बाटलीतलं पानी म्हंजी नुस्तं वलं," ती म्हणायची. "त्याला काय चव न्हाई न् ढव न्हाई."

गाळ काढला त्या दिवशी तिनं काठावरून वाकून खाली पाहिलं आणि नंतर वर, चढाकडे पाहिलं. 

चढावर बंगला होता. तो मुरमाड माळ हौशीरामचाच. कैलासच्या लग्नाच्या वर्षी विकलेला. वरई-नाचणीपलीकडे तिथं काही पिकत नव्हतं. आता हिरवळ पिकत होती. पुण्याच्या अनघाताई शनिवार-रविवार यायच्या, पाहुणे यायचे, पोहायचा निळा हौद होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बोअर मारलं, आणि त्याच उन्हाळ्यापासून आडाचं पाणी उतरायला लागलं. वाईट बाई नव्हती. दिवाळीला आळीत फराळाचे डबे पाठवायची. डब्यावर रिबीन असे.

गाळ काढल्यावर चारच दिवसांनी वराळ्याहून फोन आला. मुलगी झाली. माधवी सुखरूप. बयाबाईनं फोन हौशीरामच्या कानाला लावला आणि स्वतः परसात जाऊन आडाच्या काठाला हात टेकून उभी राहिली. सव्वा महिन्यानं सून तान्हीला घेऊन येईल, आड पुजेल. काठावर पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, आडाची ओटी भरायची. मग बाळंतिणीनं आपल्या हातानं पोहरा सोडून पाणी काढायचं. पहिल्या तांब्यातला घोट आळीतल्या थोर बाईला, दुसरा सासूला, आणि उरलेला पुन्हा आडाला. तो आडाचा वाटा. त्याशिवाय बाळंतीण घरातल्या पाण्याला शिवत नसे. कैलासच्या वेळी बयाबाईनं तो वाटा आडात ओतला होता, तेव्हा खालून आलेला आवाज तिला अजून आठवत होता.

आता पोहरा सोडला की खणकन दगडावर आपटायचा. कलता करून, थांबून थांबून भरावा लागायचा. आळीतल्या बायका नंबर लावून उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या हंड्यांवर डोळा ठेवायच्या. एक दिवस चिमाबाईनं दुसरा हंडा पुढे सरकवला, म्हणून अशी काही जुंपली की बयाबाईला मध्ये पडावं लागलं. भांडण मिटलं तेव्हा पाणीही संपलं होतं, आणि तिच्या घरात प्यायला थेंब नव्हता. हौशीराम खोकत होता.

तिनं हंडा उचलला आणि ती चढ चढली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाकडे पाणी मागायला निघाली होती.

गेटवर रतन होता. वाडीतलाच पोरगा, आता पोरगा तरी कसला, मिशा आलेल्या. वॉचमनचा निळा शर्ट घालून खुर्चीवर बसलेला. तिला पाहून उठला.

"मावशी? तुमी?"

"एक हंडा पानी दे बाबा."

रतन घुटमळला. "तसं न्हाई मावशी... इचारावं लागतं." त्यानं फोन लावला. "ताई, खालच्या आळीतल्या मावशी आल्यात. पानी म्हनत्यात. कोन? बयाबाई. ...बयाबाई, ताई. त्या आडवाल्या." मग तो नुसता हो, हो करत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "मागल्या नळावर घ्या. लॉनवरनं नका जाऊ. आन एकच घ्या म्हनल्या, मावशी. हौद भरायचाय, पावनं येनारेत."

"एकच मागितलाय मी."

"व्हय व्हय," रतन म्हणाला. तो लहान असताना शाळेतून येता-येता तिच्या काठावर ओंजळ धरून उभा राहायचा. ती वरून ओतायची, तो नाकातोंडात पाणी घालून घ्यायचा. आता तो गेटच्या कडीकडे बघत होता.

मागचा नळ कुत्र्याला आंघोळ घालायच्या जागेवर होता. फरशीवर केस चिकटलेले. तिनं नळाचं तोंड पदरानं पुसलं, हंडा भरला, डोक्यावर घेतला. उतरताना आळीतल्या सगळ्या उंबऱ्यांवर बायका होत्या.  चिमाबाईनं मान वळवून शेळीला उगाचच हाड केलं. रिकामा हंडा वर नेताना तिची मान दुखली नव्हती. भरलेला खाली आणताना दुखली.

हौशीरामनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लोखंड चाटल्यावानी लागतंय."

"गिळा गप," ती म्हणाली.

कैलास टाकव्याच्या कंपनीतून पाळी संपवून आला तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. आडाच्या तळात बोअर मारू, असं तो महिनाभर म्हणत होता. तळेगावच्या बाजूचा महिपती बोअरवाला त्याच्या ओळखीचा. त्याच्याकडे तिवईवर चालणारी लहान मशीन होती, आडात उतरवायची. बंगल्याचं बोअर खोल आहे म्हणून ते आपलं पाणी ओढतं. आपण त्याच्याहून खोल जायचं, की पाणी आपल्याकडे. कैलासचा हिशेब एवढा सरळ होता.

"मार तुझं बोअर," बयाबाई म्हणाली.

हौशीराम भिंतीला टेकून बसला होता. हळूच म्हणाला, "तळाला लोखंड लावायचं न्हाई म्हनायची आई."

"तुमची आई म्हनायची तवा वर बंगला नव्हता."

"तेबी खरं."

"नात येनार हाये घरी. तिचा आड काय कुत्र्याच्या नळावर पुजायचा का?"

तो नुसता खोकला. तिला नंतर कितीदा वाटलं, ह्या माणसानं त्या दिवशी एकदा तरी आरडाओरडा करायला हवा होता. पण जन्मात न केलेली गोष्ट तो त्या एका दिवशी कुठून करणार?

महिपती आला तो मशीन, नळ्या आणि तोंडभर तंबाखू घेऊन. काठावरून डोकावला आणि म्हणाला, "वरल्या पान्याला कवटाळून काय बसलायसा, मावशी? खाली नदी हाये नदी!" सगळी आळी परसात जमली होती. पोरं जांभळीवर चढली. ताजूआक्का घरातून खुर्ची घेऊन आली. बयाबाईनं सगळ्यांना चहा केला, बंगल्यावरच्या पाण्याचा. यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

मशीन खाली उतरली आणि आड ओरडायला लागला. काठाचे दगड हाताखाली थरथरत होते. पांढरी धूळ वर येऊन जांभळीच्या पानांवर बसली. बयाबाई काठ धरून उभी होती. दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिनं पदर तोंडात धरला होता. दुपार झाली. खालून महिपतीचा माणूस ओरडला, "लय टनक हाये!" महिपती अभिमानानं म्हणाला, "टनक म्हंजी चांगलं. त्याच्याखाली मऊ लागतंय बघा."

आणि लागलं मऊ. मशीननं एकदम हिसका दिला, आवाज बदलला, दांडा भसकन खाली गेला. पोरांनी आरोळी ठोकली. चिमाबाईनं टाळ्या वाजवल्या. मशीन बंद झाली, दांडा वर काढला, सगळे वाकले.

तळाशी परातीत जे काय साठलेलं होतं, धुळीनं दुधासारखं झालेलं, ते भोकाभोवती फिरायला लागलं. मोरीतलं पाणी फिरतं तसं. गुळगुळ असा आवाज आला. मग पाणी नव्हतं.

"आता यील वर," महिपती म्हणाला. "जोर धरायला येळ लागतो."

सगळे थांबले. ऊन जांभळीच्या शेंड्यावर गेलं. पोरं कंटाळून उतरली. झरा कपारीतून येत होता तसाच येत होता, दगडावरून ओघळत होता, आणि सरळ भोकात जात होता.

"पोकळी लागली," महिपती नळ्या गुंडाळत म्हणाला. त्याची नजर आता कुणाच्या नजरेला मिळत नव्हती. "नशिबाचा भाग असतो ह्यात. आपुन काय, मारायचं काम करतो."

बयाबाई पाट मागत होती. कैलास म्हणाला, "आई, आता काय करनारेस खाली जाऊन?" तिनं ऐकलं नाही. दोराला पाट नीट बांधायच्या आत ती बसली. खाली पोचली, गुडघ्यांवर बसली आणि भोकावर तळहात दाबून धरला.

भोक नारळाएवढं होतं, कडा अजून गरम. थोडं पाणी साठलं तिच्या हाताभोवती. करंगळी बुडली. मग तिला जाणवलं, खालून कुणीतरी ओढतंय. तान्हं मूल ओढतं तशी ओढ, तळहाताच्या मधोमध. तिनं दुसरा हात ठेवला. वरून चिखल मागवला, गोणपाट मागवलं, पदर फाडून बोळा कोंबला. पाणी चिखलाच्या कडेनं गेलं, बोळ्यातून गेलं, तिच्या बोटांमधून गेलं. दुसऱ्या दिवशी कैलासनं सिमेंट ओतलं. हादऱ्यांनी दगडाला चीर गेली होती. ते चिरेतून गेलं.

सासूनं कारण सांगितलं नव्हतं. आता कारण तिच्या समोर होतं, भोकाच्या रूपानं.

त्यानंतर आळीनं तिला शिव्या दिल्या नाहीत, हे तिला सोसलं नाही. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, मंदिराजवळ उभा राहायचा आणि पळापळ व्हायची. बयाबाई धावू शकत नव्हती. पहिल्या दिवशी ती निम्मा हंडा घेऊन परतली. संध्याकाळी ताजूआक्का दारात आली, काखेत कळशी.

"घे."

"आक्का, नगं. तुलाच पुरत न्हाई."

"नसीरनं धावून आनलंय. बाळतीन यायचीय तुझ्या घरात. घे म्हन्ते न्हवं?" कळशी ओट्यावर ठेवून ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "मोठ्या घरची मोठी अक्कल. नारळसुदा फोडलास गं त्या मशीनफुडं."

बयाबाईनं कळशी आत घेतली. दर टँकरला मग ती घ्यावीच लागली. परसात हौशीराम कप्पीला तेल घालत असे. पोहरा कोरडा, दोर कोरडा, आणि कप्पी गुळगुळीत फिरायची.

सव्वा महिना भरला आणि माधवी आली. फिकुटलेली, कानाला फडकं बांधलेली. पोरगी दुपट्यात मुठी आवळून झोपलेली. बयाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरीच्या जावळावर ओठ टेकले आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "आडात पानी न्हाई."

"हे बोलले फोनवर," माधवी म्हणाली. "आई, आमच्या वराळ्यात आता सोसायटीतल्या बायका बादलीच पुजतात."

"टँकर पुजा," हौशीराम बाजेवरून म्हणाला. "चार चाकं हायेत, पाचवा खडा डायवरच्या डोक्यावर ठिवा." कुणी हसलं नाही. तोही नाही.

शेवटी कैलासच बोलला. रतनकडून अनघाताईंना कळलं होतं, आणि त्यांनी आपणहून निरोप धाडला होता. आमच्याकडे करा म्हणून.

अनघाताई गेटवरच उभ्या होत्या, साडी नेसून, नथ घालून. "या, या! किती सुंदर प्रथा आहे ही. आपल्याकडे हे सगळं संपत चाललंय." आज लॉनवरून जायची परवानगी होती. मागच्या नळाची फरशी धुवून रांगोळी काढली होती. त्यांनी फोन समोर धरला. "हां, माधवी, जरा इकडे बघ. आजी, तुम्ही थोड्या बाजूला. सावली पडते."

बयाबाई बाजूला झाली. माधवीनं नळाखाली पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला. घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवला. नळ सोडला तशी धार एवढ्या जोरात आली की खडे पाचही दिशांना गेले.

"अगं, हळू सोड!" अनघाताई हसल्या. "सांगायचंच राहिलं. आमच्या बोअरला महिनाभरात काय पाणी आलंय! एप्रिलमध्ये आटेल म्हणून टँकर सांगून ठेवला होता मी, तर मोटार बंदच करावी लागत नाही. आणि पूर्वी ते लोखंडासारखं लागायचं ना, तेही गेलं. बाळाचा पायगुण म्हणायचा!"

"व्हय," बयाबाई म्हणाली. ती घरंगळलेले खडे गोळा करत होती. पाचवा सापडेना.

माधवीनं कलश भरून काखेत घेतला. तांब्या बयाबाईनं घेतला. उतारावरून त्या खाली आल्या. आळीतल्या बायका परसात थांबल्या होत्या. आड कोरडा असला तरी घुगऱ्या तिथंच वाटायच्या. ताजूआक्का आपल्या पायरीवर बसली होती. पहिला घोट तिचा. माधवीनं सासूच्या हातून तांब्या घेतला आणि खाली वाकून पुढं केला.

ताजूआक्कानं ओंजळ धरली. प्यायली. थांबली. तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, पुन्हा ओंजळ पुढं केली आणि पुन्हा प्यायली. मग तिनं बयाबाईकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बयाबाईनं इतक्या वर्षांच्या शेजारात पाहिलं नव्हतं.

"साठवून ठिवलं व्हतंस तू."

"काय, आक्का?"

"आडाचं पानी हाये हे. मला सांगतीस? हिकडं मी माझ्या तोंडचं काढून तुला कळशी देत व्हते, आन तू रांजन भरून झाकून ठिवलंस?"

"न्हाई गं आक्का. पोरीची आन. बंगल्यावनं आनलंय आत्ता. हिला इचार."

"नळाचंच आहे, मावशी," माधवी म्हणाली.

बयाबाईनं तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. लोखंड नव्हतं. गार, हलकं पाणी. गिळल्यावर, मागाहून, जिभेच्या कडेला किंचित तुरट.

ताजूआक्का चढाकडे बघत होती. मग हळूहळू बाकीच्या बायकाही बघायला लागल्या. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"आई," माधवी हळूच म्हणाली. "वाटा ओतायचा राहिला आडाचा."

बयाबाई काठाशी गेली. खाली तळ दिसत होता, वाळून राखाडी झालेला, एका कडेनं झऱ्याची ओली रेघ. रेघ सिमेंटच्या थिगळापर्यंत जात होती आणि चिरेत संपत होती. पोरगी जागी होऊन रडायला लागली. चढावर बंगल्याची मोटार सुरू झाली, आणि पाठोपाठ हौदात धार पडल्याचा आवाज आला.

"ओता ना, आई."

बयाबाईनं तांब्या ओतला नाही. तिनं त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला आणि तशीच उभी राहिली.